एका कॅबिनेटमध्ये चार डिस्क: आधी मोजणी, मग जोडणी

जुन्या कॅसेटींवरील मैफली आणि घरच्या लग्नमुंजींच्या चित्रफिती संगणकावर उतरवून ठेवण्याचा छंद इंदूरच्या अनेक मराठी घरांत आहे, आणि तो एकदा लागला की एक हार्ड डिस्क पुरत नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या प्रतीत ध्वनिमुद्रण उतरवल्यास तासाला साधारण २ जीबी जागा लागते; चित्रफितींची भूक त्याहून मोठी. टेबलावर यूएसबी डिस्कांची रांग लावण्यापेक्षा तीन-चार डिस्क कॅबिनेटमध्येच बसवणे बरे. या कामात पेचकस चालवण्याचा भाग सोपा असतो; चुका होतात त्या खरेदीपूर्वी मोजणी न केल्याने.

पहिली मोजणी मदरबोर्डवरील सॉकेटांची. साध्या बोर्डावर बहुधा चार ते सहा सॅटा सॉकेट (डिस्कची डेटा केबल लागते ते) आणि एक किंवा दोन एम.२ स्लॉट (पट्टीच्या आकाराची डिस्क थेट बोर्डावर बसते ती खाच) असतात, परंतु दिसतात तितके सगळे एकाच वेळी चालतीलच असे नाही. अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखाद-दोन सॅटा सॉकेट यांची अंतर्गत वाट सामायिक असते. स्लॉटमध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) बसवली की ते सॉकेट बंद पडतात. डिस्क दिसत नाही म्हणून केबल बदलत बसणाऱ्यांपैकी कित्येकांची अडचण हीच असते. कोणता स्लॉट कोणत्या सॉकेटला बंद करतो, याचा तक्ता बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत असतो आणि ती पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. एम.२ आकाराची एसएसडी सॅटा पद्धतीची आहे की एनव्हीएमई या अधिक वेगवान पद्धतीची, हेही तिथेच ताडून पाहावे, कारण दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक स्लॉट दोन्ही स्वीकारतोच असे नाही. आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये सामान आणायला जाण्यापूर्वी मदरबोर्ड आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) या दोहोंवरील मॉडेल क्रमांकांचे छायाचित्र फोनमध्ये घेऊन ठेवावे.

सॉकेट कमी पडत असतील, तर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारे सॅटा कार्ड घेता येते.

दुसरी मोजणी विजेची, आणि ती अधिक बारकाईने करावी. साडेतीन इंची हार्ड डिस्क चालू असताना साधारण ५ ते १० वॅट घेते, पण तबकड्या फिरायला लागताना काही क्षण तिला १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर लागतात. सॅटा वीजजोडाच्या पंधरा पिनांपैकी १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर धरली जाते. म्हणजे एका जोडाकडून साडेचार अँपिअरपेक्षा जास्त मागू नये. एका सॅटा जोडातून चार जोड काढणारी स्वस्त विभाजक केबल लावून तिच्यावर चार हार्ड डिस्क चालवल्या, तर सुरुवातीलाच आठ अँपिअरची मागणी होते. म्हणून एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या तारांवरच डिस्का वाटून लावाव्यात, शक्यतो दोन वेगळ्या तारांवर. मोलेक्सवरून (चार पिनांचा जुना वीजजोड) सॅटा करणारा अडॅप्टर वापरावाच लागला, तर तारा प्लास्टिकमध्ये ओतून घट्ट केलेला प्रकार टाळावा; असे जोड आतून वितळल्याची उदाहरणे आहेत. एसएमपीएसच्या तारा सुट्या होणाऱ्या असतील, तर दुसऱ्या एसएमपीएसची तार कधीही वापरू नये. डिस्ककडचे टोक सारखे असले तरी एसएमपीएसकडच्या टोकातील पिनांचा क्रम कंपनीगणिक आणि कधी मॉडेलगणिक बदलतो, आणि तार बसली म्हणजे जुळली असे समजणाऱ्याच्या सगळ्या डिस्का एका झटक्यात जळू शकतात.

आता प्रत्यक्ष जोडणी. संगणक बंद करून वीजतार भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साठते. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंची एसएसडीला बारीक आट्यांचे. ते अदलाबदल करून दाबून पिळू नयेत. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे दोन हार्ड डिस्कांमध्ये एक खण मोकळा ठेवून समोरचा पंखा चालू आहे ना, हे पाहावे. डेटा केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी आणि ती काटकोनात मुडपू नये.

संगणक चालू केल्यावर प्रथम बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) सर्व डिस्का दिसतात का, ते तपासावे. तिथे सॅटाची पद्धत एएचसीआय (प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे चालवणारी) असावी. परंतु आधीपासून रेड (अनेक डिस्का एकत्र जोडून चालवण्याच्या) पद्धतीवर चालणाऱ्या विंडोजमध्ये ती परस्पर बदलल्यास विंडोज सुरूच होत नाही. विंडोज नव्याने टाकायची असेल, तर तेवढीच डिस्क जोडून बाकीच्यांच्या केबल काढून ठेवाव्यात, नाहीतर सुरुवातीच्या फायली भलत्याच डिस्कवर जातात आणि ती डिस्क पुढे काढली की संगणक अडून बसतो.

नवी कोरी डिस्क बायोसमध्ये दिसूनही विंडोजमध्ये दिसली नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडून ती इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करावी, विभागांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी हा पर्याय निवडावा आणि मग विभाग करून फॉरमॅट करावे. एमबीआर ही जुनी पद्धत निवडल्यास साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मात्र ज्या जुन्या डिस्कवर घरच्या फायली आहेत, ती इनिशियलाइझ करायची का, असा प्रश्न विंडोजने विचारला तर होकार देऊ नये आणि आधी केबल व सॉकेट बदलून पाहावे. प्रत्येक विभागाला नाव द्यावे आणि डिस्कच्या कडेला तेच नाव चिकटवावे, कारण एकाच कंपनीच्या तीन डिस्का आत असताना कोणती काढायची हे स्क्रीनवरून कळत नाही.

आठवडाभर वापर झाल्यावर डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या एखाद्या प्रणालीत स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या) पाहाव्यात. सीआरसी त्रुटींचा (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो आणि ती बदलल्यावर आकडा तिथेच थांबतो. रीॲलोकेटेड सेक्टरांचा (खराब झाल्याने डिस्कने बदललेले भाग) आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कवरील फायली त्याच दिवशी दुसरीकडे हलवाव्यात.