पाऊस ‘बिग’ नसतो, ताप ‘हेवी’ नसतो : इंग्रजी विशेषणं जोडताना या चुका टाळा

निफाडकडे पारा घसरला की द्राक्षांत साखर भरत नाही आणि तोड लांबते. गेल्या हिवाळ्यात माझ्या संध्याकाळच्या क्लासला येणाऱ्या एका तरुण बागायतदाराने परदेशी ग्राहकाला पाठवायचा मेल मला दाखवला. मालाला उशीर का होतोय, तर ‘ड्यू टू हेवी कोल्ड’. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण इंग्रज माणसाला ‘हेवी कोल्ड’ म्हणजे नाक गळणारी जोराची सर्दी! कडाक्याच्या थंडीला ‘बिटर कोल्ड’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘व्हेरी कोल्ड वेदर’ लिहावं.

अशी चूक शिक्षकांच्या लाल पेनातूनही निसटते, कारण वाक्य बरोबर असतं, फक्त जोडी चुकलेली असते. कोणत्या नामाला कोणतं विशेषण लागतं हे वापराने ठरतं. याला कोलोकेशन म्हणतात. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. कार मात्र ‘पॉवरफुल’ असते. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९६६ मध्ये हेच उदाहरण दिलं होतं. मराठीत आपण हे कोणी न शिकवता पाळतो. दूध नासतं, तेल खवट होतं, भात आंबतो, पोळी शिळी होते. ‘खवट पोळी’ म्हटलं की आजीच्या कपाळावर आठी पडणारच. इंग्रजी कानालाही तसंच खटकतं. तिथे दूध ‘सावर’, लोणी ‘रॅन्सिड’, ब्रेड ‘स्टेल’ आणि अंडं ‘रॉटन’.

सगळ्यात जास्त घात करतो तो आपला ‘मोठा’. पाऊस मोठा, आवाज मोठा, भाऊ मोठा, रक्कम मोठी, अक्षर मोठं. एका पावसाळ्यात गोदावरीचं पाणी नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, तेव्हा वर्गात पुरावर चार ओळी लिहायला दिल्या होत्या. कितीतरी वह्यांत ‘बिग रेन’! हवं होतं ‘हेवी रेन’. तसंच आवाज ‘लाउड’, रक्कम ‘लार्ज’, अक्षर ‘कॅपिटल’. भावाला घरगुती बोलण्यात ‘बिग ब्रदर’ चालतं, अर्जात ‘एल्डर ब्रदर’ लिहा. आणि एकदा ‘हेवी’ हाती लागला की मुलं तो सगळीकडे लावतात: ‘हेवी विंड’, ‘हेवी फीवर’. वारा ‘स्ट्राँग’ असतो, ताप ‘हाय’ असतो. द्वारका चौकातलं ट्रॅफिक मात्र खरोखर ‘हेवी’.

‘उंच’चंही तेच. ब्रह्मगिरी ‘हाय’, गंगापूर रोडवरची इमारत ‘टॉल’, माणूसही ‘टॉल’. कपडे घट्ट असले तर ‘टाइट’, दही घट्ट असेल तर ‘थिक’, मैत्री घट्ट असेल तर ‘क्लोज’. वस्तू ‘एक्स्पेन्सिव्ह’ असते, किंमत ‘हाय’ असते. ‘कॉस्टली प्राइस’ लिहू नका.

जोडीबद्दल शंका आली तर शब्दकोशात विशेषण शोधत बसू नका, नाम शोधा. ‘फीवर’ उघडून त्याखालची उदाहरणं वाचली की ‘हाय’ तिथेच सापडतो. नेटवर शोधताना दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि जोडी कोणी वापरली आहे तेही बघा. गल्लीतल्या फलकावर दिसली म्हणून ती बरोबर ठरत नाही. वहीत ‘हेवी म्हणजे जड’ अशी ओळ लिहिण्याची सवय तर आजच सोडा, माझ्या मते निम्म्या चुका तिथेच जन्मतात. त्याऐवजी एकेका नामाला एकेक पान द्या.

त्या बागायतदाराने पहिलं पान ‘ग्रेप्स’ला दिलं. ‘राइप’, ‘सीडलेस’, ‘फ्रेश’ लिहून झालं, आणि ‘सावर’पाशी तो थांबला. ‘सावर ग्रेप्स’ म्हटलं की इंग्रजीतही कोल्ह्याचीच गोष्ट आठवते. मालाची खरी चव सांगायची असेल तर ‘द ग्रेप्स टेस्ट सावर’ असं वाक्यच लिहायचं, हे त्याने पानाच्या कडेला लाल शाईने नोंदवून ठेवलं.