ताऱ्यांवरून दिशा ओळखताना सोलापुरात या चुका टाळा

सर्वांत ठळक तारा म्हणजे ध्रुव, ही पहिली चूक. ध्रुवतारा मध्यम तेजाचा आहे. तेजाच्या क्रमवारीत पहिल्या चाळिसातही येत नाही. शिवाय सोलापुरात तो खाली असतो. ध्रुवाची उंची गावाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे इथे साधारण १७.७ अंश. हात ताठ धरून वळलेली मूठ सुमारे १० अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवली, की दुसरी मूठ संपायच्या आत ध्रुव येतो.

फेब्रुवारीत खरी फसगत होते. रात्री ९ च्या सुमारास जवळपास तेवढ्याच उंचीवर एक तेजस्वी तारा दिसतो. तो अगस्ती, आणि तो थेट दक्षिणेला असतो! त्याच्या वर साडेतीन मुठींवर व्याध, म्हणजे रात्रीच्या आकाशातला सर्वांत ठळक तारा, चमकत असेल, तर तुमची उत्तरेकडे पाठ आहे.

सप्तर्षी वर्षभर संध्याकाळी दिसतील असं धरून चालू नका. इथे ते मावळतात. एप्रिल-मेमध्ये मात्र रात्री ९ ला उत्तरेला उंच असतात. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांच्या चौकोनाला बाज आणि उरलेल्या तिघांना शेपटी समजा; बाजेच्या चार खुरांपैकी शेपटीपासून लांबचे दोन घ्या: पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून त्यांच्यातलं अंतर पाच वेळा पुढे न्या, की ध्रुव सापडतो. या दिवसांत ती रेघ खाली, क्षितिजाकडे जाते. सवयीने ती वर ओढली की माणूस सिंह राशीत पोचतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या इंग्रजी ‘एम’सारख्या आकाराचा मधला कोपरा खाली ध्रुवाकडे रोखलेला असतो, अंतर तीन मुठी.

मृग नक्षत्राच्या बाणातल्या, एका ओळीतल्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा अगदी पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. पण हे उगवता-मावळतानाच कामाचं. फेब्रुवारीत रात्री ९ ला तो ७२ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा त्यावरून दिशा काढायला गेलात तर मान दुखेल, बाकी काही नाही.

ध्रुव सापडतच नसेल तर आधी जागा बदला. मंद्रूपच्या बाजूने पाहिलं तर शहराच्या दिव्यांचा उजेड नेमका उत्तरेला येतो आणि इतक्या खालचा तारा त्यात बुडतो. नान्नजच्या माळाकडून तोच उजेड पाठीशी राहतो. मोबाइल खिशात ठेवा. एकदा स्क्रीन पाहिली की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा २० मिनिटं लागतात.

शंका उरली तर दोन काठ्या रोवा, एक बुटकी, एक उंच. त्यांची टोकं ताऱ्याच्या रेषेत आणा आणि १५ मिनिटं थांबा. तारा वर सरकला तर तोंड पूर्वेला, खाली गेला तर पश्चिमेला, उजवीकडे आडवा गेला तर दक्षिणेला. जागचा हलला नाही, तर तो ध्रुव.