घराच्या बांधकामातील जादा कामाचे पैसे: ठेकेदाराशी हिशोब कसा करावा

सातारा-सांगलीकडे स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस बहुधा चौरस फुटाच्या एकाच दराने ठेका देतो, आणि ठेकेदार अनेकदा ओळखीतला किंवा भावकीतलाच असतो. त्यामुळे करार वहीच्या एका पानावर आटोपतो, "किरकोळ काही निघालं तर नंतर बघू" असे म्हणून दोघेही उठतात, आणि स्लॅब पडल्यानंतर ते किरकोळ दीड-दोन लाखांची चिठ्ठी होऊन समोर येते. अशा चिठ्ठीच्या एकूण आकड्यावर घासाघीस करणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. ठेकेदार आकडा फुगवून सांगतो, मालक तो निम्म्यावर आणतो आणि खरी रक्कम किती होती हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. त्याऐवजी चिठ्ठीतील प्रत्येक बाब सुटी करून ती कोणामुळे उद्भवली, हे आधी ठरवावे.

मालकाने मध्येच मागितलेला बदल मालकाच्या खर्चाचा असतो, आणि तो खुल्या मनाने द्यावा. नकाशात दाखवलेले, पण दर सांगताना ठेकेदाराने हिशोबात न धरलेले काम ठेकेदाराचे असते. चुकीचे झालेले काम तोडून पुन्हा केले, तर त्याचा एक रुपयाही मालकाकडे मागता येत नाही. खरा वाद जमिनीखाली होतो, कारण तिथे काय निघेल हे दोघांनाही आधी दिसत नसते.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाच फुटांवर कठीण थर लागेल असे धरून दर ठरतो आणि प्रत्यक्षात आठ फूट जावे लागते. साताऱ्यात डोंगराच्या पायथ्याला नेमके उलटे घडू शकते. दोन-तीन फुटांवर खडक लागतो आणि खडक फोडणारा ब्रेकर तासाच्या भाड्याने आणावा लागतो. खोली वाढली की "पायाचे लाखभर वाढले" असे मोघम ऐकवले जाते, परंतु फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीट पायाचा, आकार तोच असेल तर ते केवळ खाली सरकलेले असते. वाढतात त्या गोष्टी मोजक्याच: खोदाई, कॉलमची लांबी आणि भराव. बारा कॉलम, सहा बाय सहा फुटांचे खड्डे आणि तीन फूट जादा खोली असे धरले, तर जादा खोदाई 1,296 घनफूट, म्हणजे 100 घनफुटांच्या ब्रासने सुमारे 13 ब्रास होते. नऊ बाय पंधरा इंचांच्या कॉलमला जादा काँक्रीट सगळे मिळून जेमतेम 34 घनफूट लागते. प्रत्येक कॉलममध्ये 12 मिमीच्या सहा सळया असतील, तर त्यांचे वजन, मीटरला 0.888 किलो या हिशोबाने, सुमारे 58 किलो भरते, सळयांभोवतीच्या रिंगा वेगळ्या. भरावाला निघालेली मातीच वापरली की बाहेरून मुरूम आणला, हे मात्र खड्डा उघडा असतानाच पाहून ठेवावे लागते. एवढे कागदावर मांडले की लाखाचा आकडा बहुधा आपोआप खाली येतो. आणि तो खरोखरच तेवढा असेल, तर द्यायलाही जड जात नाही.

सांगलीत 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर जोता उंच घेण्याचा विचार काम सुरू झाल्यावरही मनात येतो. हा बदल दिसतो तेवढा लहान नाही. हजार चौरस फुटांच्या जोत्याला दोन फूट उंची वाढवायची म्हटले, तर नुसता दाबलेला भरावच 20 ब्रासच्या आसपास जातो, शिवाय जोत्याची भिंत, पायऱ्या आणि कॉलमची वाढ असतेच. असा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय घेऊ नये आणि दर ठरल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नये.

करार झालेला नसेल, तर चौरस फूट म्हणजे नेमके काय मोजायचे हे आधी लिहून घ्यावे. बाल्कनी, जिना, गच्चीवरचे हेडरूम (जिन्यावरची खोली) आणि छज्जे पूर्ण धरायचे, निम्मे धरायचे की मुळीच नाही, यावर शेवटच्या बिलात मोठा फरक पडतो. सेप्टिक टँक, पाण्याची जमिनीखालची टाकी, कंपाउंड आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) दरात आहेत की नाहीत, हेही नावानिशी यावे. सिमेंट आणि सळईच्या भाववाढीसाठी कराराच्या दिवशीचा भाव नोंदवावा आणि दुकानाच्या बिलानुसार फक्त फरक द्यायचा, भाव उतरला तर तोही वजा करायचा, असे वाक्य घालावे. जीएसटी दरात धरला आहे का, हेही विचारून घ्यावे. एकाच स्वतंत्र घराच्या केवळ मजुरीच्या ठेक्यावर तो लागत नाही, आणि मालासह ठेक्यात ठेकेदार तो मागत असेल तर त्याच्या नोंदणी क्रमांकाचे बिल घ्यावे.

काम चालू असताना एकच शिस्त पाळावी: जादा काम सुरू होण्याआधी चिठ्ठी. तिच्यात काम, माप, दर आणि त्यामुळे वाढणारे दिवस एवढे असले तरी पुरे. "दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागच्या बाजूला दहा फुटांचा ओटा, ठरलेला दर अमुक, चालेल ना?" असा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज आणि त्यावरचे "हो" हेसुद्धा तोंडी बोलण्यापेक्षा कितीतरी बरे. आपण लिहून दिले नाही म्हणून पैसे द्यावे लागणार नाहीत, अशा भ्रमात मात्र राहू नये. फुकट करण्याचा हेतू नसलेले काम दुसऱ्याने केले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 नुसार त्याचा मोबदला मागता येतो. म्हणून नको असलेले काम होताना दिसले, तर त्याच दिवशी लेखी थांबवावे.

झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी दोघांनी मिळून मोजावे, टेप दिसेल असे फोटो काढावेत आणि मापावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. गिलाव्याच्या मापात दारे-खिडक्या वजा करण्याचे नियम आयएस 1200 या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकात ठरलेले आहेत. करारात त्याचा उल्लेख असला की हुज्जत वाचते. दर आधी ठरलेला नसेल, तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हा मध्यममार्ग बहुतेक ठेकेदारांना पटतो.

एवढे करूनही वाद झालाच, तर वादातील रक्कम बाजूला लिहून ठेवावी आणि निर्विवाद हप्ता वेळेवर द्यावा, कारण पूर्ण पैसे अडवले की "पैसे नाहीत म्हणून काम बंद" हे कारण आपणच पुरवतो. दोघांना मान्य असलेल्या इंजिनिअरकडून मोजणी करून घ्यावी. ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला, तर दुसरा माणूस लावण्यापूर्वी झालेल्या कामाचा मापांसह अहवाल करून पहिल्या ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. एकदा दुसऱ्याचा हात लागला की कोणाचे काम कुठवर होते, हे सिद्ध करणे कठीण जाते. स्वतःच्या प्लॉटवरील घराचा ठेकेदार महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, कक्षेत येत नाही. परंतु घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवा आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो.

शेवटचे बिल चुकते करताना मूळ ठेका, जादा कामे, वजावट आणि दिलेले हप्ते असे चार भाग एकाच कागदावर मांडून "अनामत सोडून काही येणे नाही" अशी सही घ्यावी. करारातच ठरलेली अनामत, समजा पाच टक्के, तेवढी मागे ठेवावी आणि एक पावसाळा काढून, गच्ची गळत नाही हे पाहून ती परत द्यावी.