बडोद्याच्या कमाटीबागेत कचरा वेचायला येताय? मग हे वाचा

सकाळी बागेत फिरताना हातातला चिमटा बघून बरेच जण विचारतात, "ताई, आम्हीही येऊ का? काय आणायचं?" म्हणून एकदाच नीट लिहिते.

लांब चिमटा, रबरी हातमोजे, सिमेंटची रिकामी दोन पोती आणि काचेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा. बस. सोमवारी उजाडताच या; रविवारची सगळी गर्दी गवतावर पसरलेली असते.

बाटल्या शेवटी उचला. त्यांना भंगारात भाव आहे, कोणी ना कोणी नेतोच. आधी शोधायचे ते पाकिटांचे फाडलेले कोपरे. नखाएवढा तुकडा, बाहेरून रंगीत, आतून चंदेरी, दातांनी फाडून थुंकलेला. बाकाखाली वाका, गवत हाताने बाजूला करा, एकेका बाकाखाली मूठभर निघतात. प्लास्टिकचे असल्याने ते कुजत नाहीत, आणि त्याला धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो म्हणून भंगारवालाही घेत नाही. पहिल्या जोरदार पावसात हे तुकडे वाहत थेट विश्वामित्री नदीत जातात, तिथून ढाढर नदीत, पुढे खंभातच्या आखातात. म्हणून मे महिन्यात एकही सोमवार चुकवू नका.

पाचोळ्याला मात्र हात लावायचा नाही. नवीन माणूस हमखास तोच आधी गोळा करतो, कारण पोतं पटकन भरतं. पण पाचोळ्याखालची माती उन्हात टणक होत नाही, तिच्यात गांडुळं टिकतात, पावसाचं पाणी मुरतं. त्याच ओलीवर ही जुनी झाडं पानांतून वाफ सोडतात आणि उन्हाळ्यात बाहेर रस्ता पोळत असताना आत सावलीत श्वास मोकळा होतो. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी शहराला दिलेली ही बाग आपल्याला एवढं देते. पाचोळ्यात प्लास्टिक मिसळलं की सगळंच झाडून ढीग होतो, कोणीतरी काडी लावतो, आणि चालायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीत तो धूर जातो. तेव्हा पाचोळ्यातून प्लास्टिक तेवढं वेचा, पानं झाडाच्या बुंध्याशी पसरून ठेवा.

नदीच्या उतारावर झुडपांत कितीही पिशव्या अडकलेल्या दिसू देत, खाली उतरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि उन्हाळ्यात त्या काठावरच्या मातीत अंडी घालून राखण करतात. मुलं सोबत असतील तर त्यांना बाकांजवळच काम द्या. आपलं काम वर आहे: वरचं खाली जाऊ द्यायचं नाही.

शेव-उसळीचे खरकटे द्रोण एका पोत्यात, सुकं दुसऱ्यात. दोन्ही पालिकेच्या गाडीत वेगवेगळी द्या. काचेचा डबा पोत्यात टाकू नका, गाडीवाल्याच्या हातात द्या आणि सांगा, "भाई, अंदर काच छे."