पक्षाघातानंतरची बौद्धिक चाचणी : न्यूरो वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

पक्षाघाताच्या रुग्णाचा हात उचलतो का, तोंड वाकडे झाले आहे का, हे पाहायला वॉर्डात कोणी विसरत नाही. राहून जाते ती स्मृती, लक्ष आणि कामाची आखणी करण्याची क्षमता यांची तपासणी. पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएस या ४२ गुणांच्या मापनात महिना आणि वय विचारले जाते, भाषा तपासली जाते, पण पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले रुग्णाला आठवते का, याला त्यात जागाच नाही. त्यामुळे त्यात शून्य गुण असलेला, म्हणजे कागदोपत्री ठणठणीत असलेला माणूस घरी जाऊन रक्तदाबाची गोळी दोनदा घेऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनानुसार पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये अशी बौद्धिक घट आढळते.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून या कामात आल्यावर चाचणी कधी घेऊ नये, हे आधी शिकावे. सुरुवातीच्या दिवसांत ताप, लघवीचा संसर्ग किंवा कमी झालेले सोडियम यांमुळे रुग्ण भ्रमात असू शकतो. अशा वेळी फोर-एटी ही अगदी छोटी चाचणी करून डेलिरियम, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला भ्रम, आहे का ते पाहावे आणि असल्यास मोठी चाचणी पुढे ढकलावी. चष्मा आणि श्रवणयंत्र घरीच राहिले आहे का, हेही विचारावे. ते बहुधा राहिलेलेच असते.

आपल्याकडे सर्वाधिक वापर ‘मोका’चा, म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट या बौद्धिक चाचणीचा होतो. झियाद नसरेद्दीन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत ३० पैकी २६ किंवा अधिक गुण सामान्य मानतात, बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असल्यास एक गुण वाढवून देतात, आणि ती घेण्यासाठी अधिकृत प्रशिक्षण घ्यावे लागते. चौथीत शाळा सुटलेल्या शेतकऱ्याला या एका गुणाने न्याय मिळतो असे मला वाटत नाही. अल्पशिक्षितांसाठी ‘मोका-बेसिक’ आहे, ती वापरावी. तारीख विचारल्यावर एखाद्या आजी ‘आज संकष्टी’ म्हणतात आणि कॅलेंडरात पाहिले तर ते बरोबर असते. नियमाप्रमाणे गुण देता येत नाही, पण उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवावे.

मोकातला सर्वांत बोलका भाग घड्याळ काढण्याचा. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेला रुग्ण कधी कधी बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागात कोंबतो आणि ‘झालं की’ म्हणून पेन खाली ठेवतो. त्याच रुग्णाच्या ताटात डावीकडची भाजी तशीच उरलेली असते, कारण ती बाजू त्याच्या लक्षातच येत नाही. येथे गेलेले गुण स्मृतीच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरेल. मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेत अनेकदा भाषाच जाते, मग चाचणीत लक्षात ठेवायला दिलेले पाच शब्द आठवत नाहीत की उच्चारता येत नाहीत, हे एकूण गुणांवरून कळणार कसे? ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन ही चाचणी पक्षाघाताच्या रुग्णांसाठीच तयार केलेली असून तिचा निकाल क्षमतेनुसार वेगवेगळा मिळतो. ती प्रत्यक्ष वापरता आली नाही तरी तिची रचना अभ्यासावी. उजवा हात लुळा पडल्यामुळे मोकातली घनाकृती डाव्या हाताने काढली असेल तर त्याबद्दलही शेजारी तशी नोंद हवी.

नातेवाइकांना ‘स्मरणशक्ती कशी आहे?’ असे विचारल्यास ‘त्यांना सगळं समजतं’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी झटक्याच्या आधी दुकानाचा हिशेब कोण ठेवत होते, गॅस चालू राहायचा का, ओळखीच्या रस्त्यावर कधी वाट चुकली होती का, असे विचारावे, आणि शक्यतो रुग्णासमोर विचारू नये. घट आधीपासूनची असेल तर ती येथेच उघड होते.

केसपेपरवर केवळ ‘मोका १९’ लिहिणे मला अपुरे वाटते. गुण कोणत्या भागात गेले, कोणत्या हाताने लिहिले, मनःस्थिती कशी होती आणि शिक्षण किती, एवढे चार ओळींत बसते. नैराश्यामुळेही उत्तरे मंदावतात, म्हणून पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली सोबत ठेवावी. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर साधारण तीन महिन्यांनंतरच्या फेरतपासणीची तारीख घालावी, आणि तोपर्यंत दुचाकी, बँकेचे व्यवहार व औषधांचा डबा कोणी सांभाळायचा, हे घरातल्या एका ठरावीक माणसाला नावानिशी सांगावे.