गोळ्या घेतल्यावर अंगावरून जास्त जात असेल तर

मी जत तालुक्यात आशा आहे. पाळी चुकली की मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट आणायचं आणि सासूच्या नकळत गिळायचं, हे आमच्याकडे नवं नाही. गोळ्यांना मी वाईट म्हणणार नाही. नऊ आठवड्यांच्या आत, तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतल्या तर बहुतेकींचं नीट पार पडतं. न तपासता घेतल्या की अडतं. दिवस मोजण्यात चूक झालेली असते, नाहीतर गर्भ पिशवीत नसून नळीत असतो. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. नळी फुटली तर रक्त पोटातच साचतं. एका बाजूला कळ, खांदा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर पॅड कोरडं असलं तरी निघा.

रक्त किती जातंय ते अंदाजाने सांगू नका. कापड वापरत असाल तरी त्या दिवसांपुरते मोठे पॅड आणा, मोजता येतात. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतात आणि सलग दोन तास तसंच चाललंय, तर तिसऱ्या तासाची वाट बघायची नाही. पहिल्या दिवशी गाठी पडतात, पुढे दोन आठवडे थोडं थोडं जातं, ते चालतं. एक दिवस उलटूनही ताप उतरत नाही, घाण वास येतोय, पोट हात लावू देत नाही, म्हणजे आत जंतुसंसर्ग झालाय. पाकिटातल्या दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्यांनंतर दिवसभरात काहीच गेलं नाही, तरी दाखवायचं. दुसरं पाकीट आणायचं नाही.

यातलं काही दिसलं की 108 ला फोन करा. जतहून मिरज-सांगली गाठायला सहज दोन तास जातात, म्हणून निर्णय लवकर घ्या. त्रास होणाऱ्या बाईला आडवी झोपवा, संडासला एकटी सोडू नका. जेवण देऊ नका, पिशवी साफ करायला भूल द्यावी लागू शकते. गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत घ्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. काडी किंवा मुळी घातली असेल तर तेही सांगा, पिशवीला छेद गेलेला असू शकतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आठवणीने बोला.

‘पोलीस येतील’ म्हणून बायका घरीच रक्त घालवतात. गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे. अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही. लग्न झालेलं नसलं तरी चालतं, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फक्त जागा मान्यतेची हवी, तो कागद भिंतीवर लावलेला असतो. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळलाही दवाखान्याचा बोर्ड होताच. 2017 साली तिथे बाई दगावली आणि पुरलेले 19 भ्रूण सापडले.

डिस्चार्जच्या आधीच पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन, कॉपर-टी किंवा छाया गोळ्यांचं विचारून घ्या. पाळी यायच्या आधी, दोन आठवड्यांतसुद्धा पुन्हा दिवस जाऊ शकतात.