एएसएलमध्ये मेंदूच्या रक्तप्रवाहाचा आकडा का चुकतो? या चुका टाळा

आर्टिरियल स्पिन लेबलिंग (एएसएल) या एमआरआय तंत्रात कॉन्ट्रास्ट टोचावं लागत नाही. मानेतल्या रक्तालाच रेडिओ लहरींनी लेबल लावायचं, ते मेंदूत पोचल्यावर इमेज घ्यायची आणि लेबल न लावलेल्या इमेजमधून वजा करायची. हा फरक जेमतेम 1 टक्का असतो. त्यामुळे थोडं काही चुकलं तरी आकडा बिघडतो. नकाशा मात्र तसाच रंगीत आणि देखणा दिसतो, हीच पंचाईत.

सगळ्यात जास्त घोळ पीएलडीचा होतो, म्हणजे लेबलिंग संपल्यापासून इमेज घेईपर्यंत किती थांबायचं याचा. तज्ज्ञांच्या 2015च्या शिफारशीनुसार स्यूडो-कंटिन्युअस लेबलिंगमध्ये (छोट्या छोट्या रेडिओ पल्सची सलग माळ लावून लेबल करायची पद्धत) सत्तरीच्या आतल्या निरोगी प्रौढांसाठी 1800 मिलिसेकंद, त्यापुढच्या वयाला आणि रुग्णांना 2000. कॅरोटिड, म्हणजे मानेतली मेंदूकडे जाणारी धमनी, अरुंद झालेल्या माणसाला तेवढंही कधीकधी पुरत नाही, रक्त अजून वाटेतच असतं. मग नकाशात रक्तवाहिन्या चमकतात आणि त्यांच्या पलीकडचा भाग काळा दिसतो. असं दिसलं की ‘रक्तपुरवठा कमी’ असं लिहून मोकळं होऊ नका. पीएलडी वाढवून पुन्हा घ्या, किंवा अनेक पीएलडींचा सिक्वेन्स लावा. अर्थात वाढवायलाही मर्यादा आहे, कारण 3 टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) स्कॅनरवर रक्ताचा टी1, म्हणजे लेबल किती वेळात विरतं त्याचं माप, सुमारे 1650 मिलिसेकंद असतो आणि लेबल तेवढ्या वेगाने विरत जातं.

चमकते ठिपके नाहीत, पण एका कॅरोटिडचा अख्खा प्रदेश सरसकट मंद दिसतोय? तर आधी लेबलिंग प्लेन तपासा. तिथे रक्तवाहिनी वळलेली असेल किंवा जवळ दातातला धातू असेल, तर लेबल नीट लागत नाही. प्लेन सरळ भागात, वाहिनीला काटकोनात न्या.

आकडेमोडीतली चूक तर नकाशात दिसतच नाही. 3 टेस्लाच्या डेटावर 1.5 टेस्लाचा टी1, म्हणजे 1350, तसाच राहिला आणि लेबलिंगचा कालावधी व पीएलडी दोन्ही 1800 असले, तर रक्तप्रवाह सुमारे 40 टक्के जास्त येतो. एम0 इमेजलाही, म्हणजे आकडा ज्याच्या तुलनेत काढतात त्या संदर्भ इमेजलाही, रीडआउट (सिग्नल वाचायची पद्धत) तोच हवा, बॅकग्राउंड सप्रेशन (स्थिर ऊतींचा सिग्नल दाबणं) मात्र बंद.

डोकं हलू नये म्हणून पॅडिंग द्याच. व्हाइट मॅटरच्या (मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाच्या) एकेका व्हॉक्सेलवर, म्हणजे इमेजच्या एकेका छोट्या घनावर, फार भिस्त ठेवू नका. तिथे सिग्नल फारच क्षीण असतो.

आणि त्याच माणसाची आधीच्या स्कॅनशी तुलना करायची असेल, तर कॉफी घेतली होती का, ते दोन्ही वेळा विचारा. कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह घटतो. घाबरून भराभर श्वास घेतला तरी कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि प्रवाह कमी होतो.